मिल्ड्रेडच्या आधीची तीन वर्षं : एकपात्री लिहिणाऱ्या मुलीला पत्र

प्रिय मुली,

खर्डा मिळाला. यूथा जॉइस या ब्रिटिश नटीचं नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नाही, तरी तिच्यावर सत्तर मिनिटांचा मराठी एकपात्री करायचं तू मनावर घेतलंस, त्याबद्दल आधी शाबासकी. तुझी भाषा बोलती आहे, वाक्यं तोंडात बसणारी आहेत. पण संहितेचा कणा वाकडा बसलाय. तो आत्ता सरळ केला नाहीस तर तालमीत कितीही राबलीस तरी प्रयोग लंगडाच राहील.

तुझ्या खर्ड्यातली गोष्ट थोडक्यात अशी : एक गुणी नटी असते, तिला टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत मिल्ड्रेड रोपरची भूमिका मिळते, भूमिका तुफान गाजते, मग लोक तिला दुसऱ्या कशात बघायलाच तयार होत नाहीत, ती दारूला जवळ करते आणि मरते. म्हणजे मिल्ड्रेडनं यूथाला खाल्लं. ऐकायला हे सुबक वाटतं, आणि इंग्लंडमध्येही तिची गोष्ट बरेचदा अशीच सांगितली जाते. पण तारखा मांडल्या की ती टिकत नाही.

एक कोरा कागद आडवा धर आणि त्यावर रेघ ओढ. डाव्या टोकाला २० ऑगस्ट १९२७, लंडनमधलं वँड्सवर्थ, जन्म. उजव्या टोकाला २४ ऑगस्ट १९८०, यकृत निकामी होऊन मृत्यू. त्रेपन्नावा वाढदिवस होऊन चारच दिवस झाले होते. मधे या खुणा कर : १९५६, दिग्दर्शिका जोन लिटलवूडच्या ‘थिएटर वर्कशॉप’ या नाट्यसंघात प्रवेश आणि त्याच वर्षी नट ग्लिन एडवर्ड्सशी लग्न. साठच्या दशकाच्या अखेरीला घटस्फोट. ऑगस्ट १९७३, ‘मॅन अबाउट द हाउस’ सुरू. जॉर्ज आणि मिल्ड्रेड रोपर हे घरमालक जोडपं त्यात पहिल्यांदा दिसतं. सप्टेंबर १९७६, त्याच जोडप्याची वेगळी मालिका, ‘जॉर्ज अँड मिल्ड्रेड’. २५ डिसेंबर १९७९, तिचा शेवटचा भाग. १९८०, त्यावरचा सिनेमा. आता लाल पेन घे आणि मृत्यूनंतरच्या चौकशीत जे समोर आलं ते मांड : साधारण दहा वर्षं ती रोज सुमारे अर्धी बाटली ब्रँडी पीत होती. १९८० मधून दहा वजा कर. १९७०. मिल्ड्रेड जन्माला यायला अजून तीन वर्षं होती.

दहा हा गोल आकडा आहे, हे मला मान्य. एखादं-दीड वर्ष इकडेतिकडे धर. तरी लाल रेघ मिल्ड्रेडच्या आधीच सुरू होते. लोकप्रियतेचा सगळा काळ, दोन्ही मालिकांचे मिळून ७७ भाग, त्या लाल रेघेच्या पोटात बसतो.

इथे तुझं खरं नाटक आहे. ते ७७ भाग काढून बघ. टायमिंग शाबूत, शब्द स्वच्छ, प्रेक्षकांचा हशा कुठे थांबणार याचा अंदाज अचूक. काम बिघडलेलं नाही. एखाद्या नटीचं काम ढासळलं असतं, ती एन्ट्री चुकली असती, वाक्यं विसरली असती, तर कुणीतरी हाताला धरून बाजूला नेलं असतं. इथे पडद्यावर तशी एकही खूण नाही. आपल्या धंद्यात ‘काम करतेय ना नीट? मग झालं,’ असं म्हणून पुढे जायची पद्धत आहे. प्रेक्षकाला ही भीती जाणवली पाहिजे. तुझा आत्ताचा खर्डा त्याला दिलासा देतो, की एक वाईट भूमिका होती, तिच्यामुळे हे झालं, ती नसती तर सगळं ठीक होतं.

तू म्हणशील, पण तिच्या वकिलानंच चौकशीत सांगितलं होतं की ती स्वतःच्या यशाचा बळी ठरली, मिल्ड्रेड म्हणून शिक्का बसण्याची तिला धास्ती होती. बरोबर आहे, ते नोंदलेलं आहे, आणि ते टाकून देऊ नकोस. ती धास्ती खरी असणार. मात्र ते नाटकातला एक आवाज म्हणून येऊ दे, निवेदिकेचा निष्कर्ष म्हणून नको. ओळखीच्या माणसाचा असा मृत्यू झाला की मागे राहिलेली माणसं कारण शोधतात, आणि जे कारण सांगता येतं तेच सांगतात.

याला आणखी एक पुरावा आहे, तो तू वापरलाच नाहीस : ब्रायन मर्फी. जॉर्ज रोपर करणारा नट. तोही थिएटर वर्कशॉपमधलाच, तिच्याहून पाच वर्षांनी लहान. तीच मालिका, तेच भाग, तोच शिक्का त्याच्यावरही बसला. तो पुढे जवळपास पंचेचाळीस वर्षं जगला, काम करत राहिला, सत्तरी ओलांडल्यावर ‘लास्ट ऑफ द समर वाइन’ या मालिकेत लोकांच्या आवडीचा झाला आणि २०२५ मध्ये ९२ व्या वर्षी गेला. शिक्का जीव घेतो असं म्हणायचं असेल तर आधी मर्फीचं काय करायचं ते ठरव. नटीला वयाच्या पन्नाशीत ज्या भूमिका मिळतात आणि नटाला मिळतात त्यांत फरक असतो, हा मुद्दा इथे खरोखर लागू आहे, तो जरूर घे. पण त्यानंही लाल रेघेची सुरुवात बदलत नाही.

चौकशीबद्दल एक तांत्रिक दुरुस्ती. तू त्या प्रसंगात पिंजरा, आरोपी, उलटतपासणी असं सगळं घातलंयस. ती कॉरोनरची, म्हणजे अनैसर्गिक किंवा अचानक मृत्यूचं कारण शोधणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी होती. तिथे आरोपी कुणी नसतो, शिक्षा कुणाला होत नाही. कोण मेलं, कधी, कुठे आणि कसं, एवढ्या चारच प्रश्नांची उत्तरं शोधायची असतात. डॉक्टर साक्ष देतात, ओळखीची माणसं साक्ष देतात, निष्कर्ष नोंदला जातो आणि लोक घरी जातात. मुंबईतही गेल्या शतकाच्या अखेरपर्यंत कॉरोनर कोर्ट होतं, त्यामुळे आपल्या जुन्या प्रेक्षकांना शब्द परका नाही. त्या प्रसंगाचा आवाज कोरडा, कार्यालयीन ठेव. रडणं नको. एक माणूस कागदावरून आकडे वाचतोय, एवढंच.

आता मागे जाऊ. खर्ड्याच्या तिसऱ्या पानावर तू तिला शेक्सपिअरच्या गावी पाठवलंयस. हे स्ट्रॅटफर्ड ते नव्हे. थिएटर वर्कशॉपचं घर होतं थिएटर रॉयल, स्ट्रॅटफर्ड ईस्ट, म्हणजे पूर्व लंडनमधली कामगारवस्ती. त्याचा शेक्सपिअरच्या एव्हनकाठच्या गावाशी काही संबंध नाही. ही चूक राहिली तर लंडनमध्ये राहिलेला एक जरी प्रेक्षक सभागृहात असला तरी त्याचा तुझ्यावरचा विश्वास तिथेच उडेल. शिवाय नाटकाच्या दृष्टीनं हा फरक मोलाचा आहे. यूथा लंडनच्या रॅडा या नामांकित नाट्यशाळेत शिकली होती, पुढे जेम्स बाँड झालेला रॉजर मूर तिच्याच काळात तिथे होता. म्हणजे वरच्या थरातलं स्वच्छ इंग्रजी, उभं राहण्याची शिस्त, हे तिला येत होतं. त्यानंतर लिटलवूडच्या संघात तिला नेमकं उलट करायला मिळालं : तालमीत संहिता बाजूला ठेवून प्रसंग उत्स्फूर्त उभे करणं, हालचालींचा अभ्यासक लाबान याच्या पद्धतीनं शरीराचं वजन आणि वेग शोधणं, रस्त्यावरच्या माणसासारखं बोलणं. पैसे जेमतेम. ‘द गुड सोल्जर श्वाइक’ हे तिचं तिथलं सुरुवातीचं काम.

मिल्ड्रेडमध्ये या दोन्ही शाळा एकत्र दिसतात. मिल्ड्रेड ही खालच्या मध्यमवर्गातली बाई, वर चढू पाहणारी. दुसऱ्या मालिकेत रोपर जोडपं हॅम्प्टन विकच्या नीटनेटक्या वस्तीत राहायला जातं, शेजारी जेफ्री फोरमाइल हा घरांचा दलाल, बायकोमुलासह. मिल्ड्रेड त्यांच्यासमोर तोंड सांभाळून, उच्चार सावरून बोलते, आणि नवऱ्यावर चिडली की तो मुलामा एका वाक्यात गळून पडतो. ही घसरण नेमकी करायला नटीला दोन्ही बोली पक्क्या याव्या लागतात. मराठीत तू हे कसं करशील याचा विचार कर. पुणेरी आणि गावरान अशी सोपी जोडी लावलीस तर विनोद फुकट जाईल, कारण मिल्ड्रेडला आपण कुठून आलो ते लपवायचं असतं. मुलाखतीला आल्यासारखी जपून बोललेली प्रमाण मराठी, आणि राग आल्यावर त्याच मराठीचा चाळीतल्या नळावरचा सूर, एवढं अंतर पुरे.

तिचं काम अभ्यासायची एक रीत सांगते. ‘जॉर्ज अँड मिल्ड्रेड’चा कुठलाही एक भाग घे. भाग साधारण पंचवीस मिनिटांचा, मधे जाहिरातींसाठी एक मध्यंतर. पहिल्यांदा आवाज बंद करून बघ. फक्त तिचे डोळे आणि मान पाहा. जॉर्ज काहीतरी टाळाटाळीचं बोलतो, बहुतेक वेळा शय्यागृहाचा विषय टाळण्यासाठी. ती लगेच उत्तर देत नाही. नजर त्याच्यावर ठेवते, मग सावकाश काढून घेते, तोंड मिटतं, आणि मग वाक्य. दुसऱ्यांदा आवाज लावून, हातात घड्याळ घेऊन बघ. त्याचं वाक्य संपल्यापासून तिचं सुरू होईपर्यंत किती सेकंद जातात ते लिहून काढ. हे काम प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर चित्रित होत असे, थेम्स टेलिव्हिजनच्या टेडिंग्टनच्या स्टुडिओत : काही दिवस तालीम, मग स्टुडिओत कॅमेऱ्यांची तालीम, आणि संध्याकाळी प्रेक्षक बसवून चित्रण. तो हशा खऱ्या माणसांचा आहे, आणि त्या हशाच्या लाटेवर ती वाक्य कुठे ठेवते ते कळलं की निम्मं काम झालं. एक भाग असा पूर्ण मोजायला दोन तास लागतील. तीन भाग मोज. लेखक जॉनी मॉर्टिमर आणि ब्रायन कुक, दिग्दर्शक पीटर फ्रेझर-जोन्स, ही नावं परिचयपत्रकात बरोबर छापून घे.

एवढ्यावर थांबू नकोस. १९६४ चा ‘द पम्पकिन ईटर’ हा सिनेमा मिळव. त्यात तिला एकच प्रसंग आहे. केशभूषेच्या दुकानात दोन बायका शेजारी शेजारी बसलेल्या. एक अ‍ॅन बॅनक्रॉफ्ट, सिनेमाची नायिका, दुसरी यूथा. सुरुवात कौतुकानं होते : मी तुम्हाला ओळखलं, तुमचा फोटो पाहिलाय. मग ती अनोळखी बाई स्वतःबद्दल बोलू लागते, आपल्या नवऱ्याबद्दल, आपल्या वाट्याला आलेल्या रिकामपणाबद्दल, आणि त्या कौतुकाचं हळूहळू विष होतं. तिथे ना ओरडणं, ना हातवारे. डोक्यावरच्या यंत्रामुळे मान हलवायची सोय नाही, त्यामुळे सगळं डोळ्यांत आणि आवाजात. काही मिनिटांत एका बाईचं आख्खं आयुष्य समोरच्या बाईच्या अंगावर येतं. हा प्रसंग मराठीत करून बघ, खुर्चीला पाठ टेकवून, हात मांडीवर ठेवून, मान स्थिर. तुझ्या मुद्राभिनयात अजून भुवयांचा वापर जास्त आहे, तो या सरावानं उतरेल.

हा प्रसंग मी मुद्दाम पुढे ठेवतेय. तुझ्या खर्ड्यात मिल्ड्रेडच्या आधीची यूथा जणू मुक्त होती, तिला हवं ते मिळत होतं. तसं नव्हतं. १९६५ च्या ‘फॅनॅटिक’ या सिनेमात ती टलूला बँकहेड या नटीनं केलेल्या म्हातारीच्या घरातली कठोर मोलकरीण, ‘बर्क अँड हेअर’मध्ये खुन्याची बायको, अशा टणक बायकांच्या भूमिका तिच्याकडे सारख्या येत होत्या. शिक्का तेव्हाही होता, फक्त तो कमी लोकांना माहीत होता. माझं मत विचारशील तर मिल्ड्रेड ही तिला मिळालेली सर्वांत दिलदार भूमिका आहे. मिल्ड्रेडला विनोद आहे, वासना आहे, हौस आहे, ट्रफल्स नावाच्या कुत्र्यावर माया आहे, आणि त्या आळशी नवऱ्याला सोडून न जाण्यामागे एक जुनी ओढही आहे. म्हणून नाटकात मिल्ड्रेडला खलनायिका करू नकोस. ती रंगमंचावर आली की प्रेक्षकाला बरं वाटलं पाहिजे. मग त्याच्या पोटात कालवेल.

ग्लिन एडवर्ड्सलाही तू विनाकारण दुष्ट केलंयस. घटस्फोटानंतरही दोघांची मैत्री टिकून होती. मारहाणीचा तो प्रसंग काढून टाक, त्याला आधार नाही.

आता ब्रँडी. हा भाग नेमका झाला नाही तर बाकी सगळं वाया जाईल. तुझ्या खर्ड्यात ‘अर्धी बाटली’ हे शब्द सात वेळा येतात आणि एकदाही दिसत नाहीत. प्रेक्षकाला आकडा ऐकू येतो, माप डोळ्यांना कळत नाही. सत्तरच्या दशकातली ब्रिटिश बाटली सव्वीस आणि दोन तृतीयांश द्रव औंसांची, म्हणजे सुमारे ७५७ मिलिलिटर. निम्मी म्हणजे सुमारे ३७९. आपल्याकडचा ‘हाफ’ ३७५ चा असतो, म्हणजे जवळपास तेवढीच. हे एक वाक्य बोललीस की मराठी प्रेक्षकाला माप लगेच उमगेल. इंग्लंडच्या पबमध्ये तेव्हा एक माप म्हणजे गिल या जुन्या ब्रिटिश मापाचा सहावा हिस्सा, सुमारे २४ मिलिलिटर. अर्ध्या बाटलीत अशी बरोबर सोळा मापं बसतात. त्या काळच्या सत्तर प्रूफ ब्रँडीत चाळीस टक्के मद्यार्क. म्हणजे १५० मिलिलिटरच्या आसपास शुद्ध मद्यार्क रोज. आज ब्रिटनमध्ये दहा मिलिलिटरला एक युनिट धरतात आणि आठवड्याला चौदा युनिटांच्या पुढे जाऊ नका असं सांगतात. ती एका दिवसात पंधरा घेत होती.

म्हणून टेबलावर सोळा छोटे ग्लास मांड. एकदम भरू नकोस. सत्तर मिनिटांत सोळा, म्हणजे दर सव्वाचार मिनिटांनी एक, बोलता बोलता, त्याकडे न बघता. पिऊ नकोस. पावणेचारशे मिलिलिटर पाणी पोटात घेऊन सत्तर मिनिटं बोलता येत नाही, ढेकर येतात आणि शेवटच्या दहा मिनिटांत लक्ष भलतीकडेच जातं. ग्लास भरायचा आणि रांगेत सरकवायचा, बस. रंगासाठी कोरा चहा : लिटरभर पाण्याला एक चमचा पत्ती, उकळून, दोनदा गाळून, पूर्ण गार करून. साखर घालू नकोस, बोटं चिकटतात आणि ग्लास हाताला लागून येतो. टेबलावर जाड बनात घाल, नाहीतर काचेचा आवाज कॉलर माइकमधून सभागृहभर जाईल. आणि बाजारात मिळणारं पेगमापक वापरू नकोस. ते तीस मिलिलिटरचं असतं, त्यानं तेराव्या ग्लासातच बाटली संपेल आणि शेवटचे तीन ग्लास रिकामे राहतील. औषधाच्या टोपणावर २४ ची खूण कर आणि तालमीत पाण्यानं मोजून हात बसव.

दारूडी दाखवताना तू झोकांड्या लिहिल्या आहेस. त्या सगळ्या काढ. रोज इतकी पिणाऱ्या माणसाचं शरीर तिला सरावतं. यकृत तासाला साधारण एक युनिट निपटतं, सरावलेल्या शरीरात थोडं जास्त. म्हणजे संध्याकाळी सातला सुरुवात झाली तर पंधरा युनिटं उतरायला दुसऱ्या दिवशी सकाळचे दहा वाजतात. असा माणूस पूर्ण कोरा असा क्वचितच असतो, आणि प्यायल्यावर तो उलट स्थिर दिसतो. हात थरथरतात ते दारू उतरते तेव्हा. ती थरथर दाखवायची असेल तर नाटकाच्या सुरुवातीला दाखव, पहिला ग्लास भरण्याआधी : टोपणातून चहाचा एक थेंब बनातीवर पडतो, एवढीच. तिसऱ्या ग्लासापासून हात दगडासारखा स्थिर. कुणीतरी ते टिपेल, आणि ज्याच्या घरात असं माणूस आहे त्याला काही समजावून सांगावं लागणार नाही.

यकृतही तसंच. ते दुखत नाही. सूज येते, चरबी साठते, मग तंतू धरतात, आणि बराचसा भाग गेला तरी उरलेला भाग काम ओढत राहतो. कावीळ, पोटात पाणी, पायावर सूज, भ्रम ही लक्षणं येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. तिच्या बाबतीत यातलं काय कधी दिसलं हे तू लिहू नकोस. यकृत कसं वागतं एवढं निवेदनात चार वाक्यांत सांग.

पहिल्या अंकाचा तुझा पडदा : मैत्रीण बाटली हिसकावते, सगळी ब्रँडी बेसिनमध्ये ओतते, टाळ्या. हा प्रसंग कृपा करून ठेवू नकोस. एक तर असं घडल्याचं कुठे नोंदलेलं नाही. दुसरं, ते धोक्याचं आहे. इतकी वर्षं इतकी पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर सहा ते चोवीस तासांत घाम आणि थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधं देऊन. तुझा प्रयोग बघून घरी जाऊन कुणी नवऱ्याची बाटली मोरीत ओतली, तर ते आपल्यामुळे होईल. हे तुझ्या पत्रकात दोन ओळींत छाप, आणि खाली पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव दे; १९८६ पासून ते हे काम करतंय. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठीतल्या सभाही जिल्ह्याजिल्ह्यांत चालतात. ज्या गावी प्रयोग असेल तिथल्या सभेचा पत्ता आधी विचारून घे आणि तिकीट खिडकीजवळ लाव.

कागदपत्रांचं थोडक्यात. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठव, प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय जाहिरात देऊ नकोस. मालिकांच्या दृश्यफिती पडद्यावर दाखवायचा विचार सोड. हक्क मिळवायला महिने जातील, आणि खरी यूथा पडद्यावर आली की शेजारी उभी असलेली तू दिसेनाशी होशील. इंग्लंडच्या कायद्यात मृत व्यक्तीची बदनामी होत नाही असं तू लिहिलंयस, ते खरं. पण प्रयोग इथे होणार आहे, आणि आपल्या कायद्यात मृताची अशी बदनामी, जिचा हेतू घरच्यांच्या भावना दुखावण्याचा आहे, ती गुन्ह्यात बसू शकते. एडवर्ड्सचा तो प्रसंग याही कारणासाठी जायला हवा.

राहता राहिला शेवट. तू गायक-विनोदकार मॅक्स बायग्रेव्ह्जच्या टीव्ही कार्यक्रमात तिनं म्हटलेल्या गाण्यावर संपवलंयस. ते चित्रण ती जिवंत असताना झालं आणि ती गेल्यावर, जानेवारी १९८१ मध्ये दाखवलं गेलं. तुला त्यात तिच्या डोळ्यांत पाणी दिसतं. मला विचारशील तर ते पाणी आपण आणून ठेवतो, कारण पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक असतं. चित्रण झालं त्या दिवशी स्टुडिओत बसलेल्यांना ते ठाऊक नव्हतं. गाणं हवंच असेल तर मधे घे, चाळिसाव्या मिनिटाला, एक नटी गाणं म्हणतेय अशा साध्या रीतीनं.

शेवटाला इस्पितळ ठेव. ती गेली तेव्हा ब्रायन मर्फी तिच्या उशाशी होता, एवढं नोंदलेलं आहे. ती दोघं काय बोलली ते लिहू नकोस. तुझ्याकडे एक रिकामी खुर्ची आहे, पूर्ण प्रयोगभर ती जॉर्जची होती, तिच्यावर त्याचा स्वेटर टाकलेला होता. तीच खुर्ची उचलून टेबलाजवळ आण आणि स्वेटर काढून घे. जॉर्ज गेला, मर्फी बसलाय, हे प्रेक्षकाला कळेल. सोळावा ग्लास भर. मग प्रकाश टेबलावरून काढून खुर्चीवर ने, आठ सेकंदांत, सावकाश. प्रकाशयोजनाकाराला आठ म्हणजे आठ सांग, ते चार करतात. वाक्य नको, संगीत नको.

खर्डा दुरुस्त करायला महिना घे. पण त्या आडव्या कागदाचा फोटो मला या आठवड्यात पाठव, लाल रेघेसकट, आणि तीन भागांतले मोजलेले सेकंदही त्याच पाकिटात.